चाकं न फिरवता अकरा किलोमीटर

गाडी पळवणारे चोर मी पुष्कळ ऐकलेत. पण गाडी नेऊन, फिरवून, पुन्हा होती त्याच जागी आणून लावणारा आणि वर तिचं अ‍ॅव्हरेज सुधारून देणारा चोर मी जन्मात पाहिला नव्हता. पोलिसांकडे जावं तर तक्रार काय द्यायची? आमची गाडी कुणीतरी आमच्यापेक्षा बरी चालवतंय, अशी?

मी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढली. शेवटची नऊ वर्षं फोरमन होतो. बस फाटकातून आत शिरली की नुसत्या आवाजावरून सांगायचो, हिचा क्लच गेलाय आणि हिचा ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर ही लहान गाडी घेतली, जुनीच, आणि तिला पोटच्या पोरीसारखी ठेवली. सकाळी सुरू करण्याआधी भोवती एक चक्कर मारायची, खाली वाकून ऑइल गळलंय का बघायचं. टायरची हवा दर रविवारी, गाडी थंड असताना. पंपावर पहिला 'टक्' आवाज झाला की पेट्रोल बस, वर थेंब नाही, आणि मीटरचा आकडा तिथल्या तिथे वहीत. पुढच्या वेळी तशीच टाकी भरली की भागाकार करायचा, म्हणजे लिटरला किती गेली ते कळतं. आणि सगळ्यात मोठा नियम असा की दोन किलोमीटरच्या आत कुठे जायचं असेल तर पायी जायचं. इंजिन गरम व्हायच्या आधीच बंद करायचं म्हणजे पेट्रोल ओतून देण्यातला प्रकार. म्हणून बुधवारी आणि शुक्रवारी वाचनालयात मी चालत जातो, दहाला निघतो, साडेबाराला परत येतो. हाच नियम पुढे माझ्या अंगाशी आला.

आता मुद्द्याचं सांगतो. माझी नात भिंगरी, वय वर्षं सहा. खरं नाव वेगळं आहे, पण एका जागी बसेल तर शपथ. तिची शाळा बदलली, नवी शाळा सात किलोमीटरवर. स्कूलबसमध्ये तिला उलट्या होतात, आणि लेक-जावई दोघांची कामावर जायची वेळ आठची. लेकीने विचारायच्या आधीच मी म्हटलं, एक तारखेपासून मी नेईन आणि मीच आणीन. लेक जरा थांबली. मग म्हणाली, बाबा, रस्ता मोठा आहे, गाडी एकदा नीट तपासून घ्या. मी म्हटलं, फोरमनला शिकवतेस होय. पण आतून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. निवृत्तीनंतर पाच वर्षांत कुणाला माझी वेळेवर गरज पडली नव्हती. रोज सकाळी कुणीतरी दप्तर घेऊन माझी वाट बघणार होतं.

तर गाडी तपासायला वही उघडली, आणि तिथून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला.

वर्षभर अ‍ॅव्हरेज घसरत होतं. लिटरला सतराची गाडी साडेचौदावर आली होती. मी तीन पंप बदलले, एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, पंपवाल्यांना शिव्या घातल्या. काही फरक नाही. आणि आता, गेल्या दोन भरण्यांत, मी काडीचाही हात लावलेला नसताना अ‍ॅव्हरेज चढून सोळाच्या वर गेलं. रोग बरा झाला, पण औषध कोणतं दिलं ते डॉक्टरलाच माहीत नाही. भागाकार तीनदा केला. मग मी कुठे कुठे गेलो ते मोजायला बसलो. मंगळवारी बाजार, शनिवारी लेकीकडे, एकदा दवाखाना. सगळं मिळून दीडशे किलोमीटर होत होते. मीटर म्हणत होता अडीचशे.

शंभर किलोमीटर गाडी कोण फिरवून आलं?

हिला विचारलं. ही म्हणजे माझी बायको, घरीच शिवणकाम करते, आल्टरेशनची कामं. मशीनवरून मान न उचलता म्हणाली, मीटर जुना झाला असेल. मी म्हटलं, जुना झालेला मीटर बंद पडतो, मनाने पुढे पळत नाही. ती म्हणाली, माणसांचं होतं तसं काही काही. आणि पायाने मशीन सुरू केलं. मला तिचा राग आला. घरात चोर शिरलाय आणि हिला पॅन्टची कड महत्त्वाची.

किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते. होती. सीट मी सातव्या खाचेत ठेवतो, माझे पाय लांब आहेत. मोजली, सातवीच. आरसे माझ्याच मापाचे. चोर आला होता तर सीट मोजून गेला होता. असला व्यवस्थित माणूस चोऱ्या कशाला करेल, वर्कशॉपमध्ये नोकरी नसती का दिली मी त्याला?

एक संशय होता, तो गॅरेजवाल्यावर. हा माझ्या हाताखाली तयार झालेला, आता पन्नाशीचा, स्वतःचं गॅरेज आहे, तरी मला अजून साहेबच म्हणतो. गाडी त्याच्याकडे दोन दिवस राहिली होती, किल्लीची नक्कल काढायला वेळ किती लागतो? मी तावातावाने गेलो आणि नाही नाही ते बोललो. त्याने ऐकून घेतलं, हात पुसले, आणि गाडी वर उचलली. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवले. झिजून पत्र्याला आले होते. वर्षापूर्वी नवीन टाकलेले, निदान तीन वर्षं जायला हवे होते. मग त्याने डावीकडच्या दोन्ही रिमा दाखवल्या. फुटपाथच्या कडेला घासून घासून दोन्ही खरवडल्या होत्या. उजवीकडे एक ओरखडा नाही.

"साहेब, ही गाडी कुणीतरी अगदी अंगावर आल्यावर ब्रेक मारून चालवतंय," तो म्हणाला. "आणि डावीकडचं त्याला कळत नाही."

मी म्हटलं, बघ, सापडला की नाही चोर. असल्या आडमुठ्या ड्रायव्हरला मी डेपोच्या फाटकातही उभं केलं नसतं. पण लगेच माझंच मला कळेना. जो असा दाणदाण ब्रेक मारतो त्याच्या हातून अ‍ॅव्हरेज वाढेल कसं? ब्रेक मारला की जाळलेलं पेट्रोल पाण्यात जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. गॅरेजवाला डोकं खाजवत म्हणाला, मग साहेब, ड्रायव्हर दोन असतील, एक बरा आणि एक वाईट. मी म्हटलं, या गाडीचा ड्रायव्हर एकच आहे. तो म्हणाला, मग एक तुम्ही आणि एक तो. हे मला पटलं. त्यातला कुठला कोण, हे विचारायची मला गरज वाटली नाही. नवे पॅड बसवून त्याने मला चहा पाजला.

एक तारीख बारा दिवसांवर आली होती. ज्या गाडीची किल्ली कुणा भलत्याकडे आहे त्या गाडीत मी पोरीला बसवणार नव्हतो. लेकीला कळलं असतं तर तिने रिक्षा ठरवली असती आणि मी घरी बसलो असतो. तेव्हा जे करायचं ते गुपचूप करायचं होतं.

वर्कशॉपमध्ये आम्ही एक युक्ती करायचो. हिच्या शिवणाच्या डब्यातला निळा खडू उचलला. शुक्रवारी वाचनालयात जाण्याआधी मागच्या चाकावर खाली एक रेघ मारली आणि तीच पुढे फरशीवर ओढली. गाडी वीतभर जरी हलली तरी चाकावरची रेघ आणि फरशीवरची रेघ पुन्हा जुळणं अशक्य. मीटरचा आकडा हातावर लिहिला आणि गेलो.

साडेबाराला परत आलो तर रेघ जुळलेली. तंतोतंत. मला हायसं वाटलं. मग दार उघडून मीटर बघितला. अकरा किलोमीटर जास्त.

मी तिथेच फरशीवर बसलो. चाकं न फिरवता गाडी अकरा किलोमीटर गेली होती. हातावरचा आकडा पाहिला, मीटर पाहिला, रेघ पाहिली. बॉनेटवर हात ठेवला, कोमट होतं. पण ऊन होतं, उन्हानेही पत्रा तापतो. उन्हाने किलोमीटर वाढतात का? खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती चोराची नव्हती. आपणच कुठेतरी जाऊन येतो आणि विसरतो की काय, असं मनात आलं. माझा मोठा भाऊ शेवटी शेवटी तसा झाला होता, चप्पल घालून निघायचा आणि कोपऱ्यावर उभा राहून रडायचा. ते शनिवार-रविवार मी घरात कुणाशी धड बोललो नाही. दिवसातून चारदा भिंगरीचं आणि लेकीचं खरं नाव मनाशी म्हणून बघायचो. दोन्ही आठवत होती.

बुधवारी मी पुन्हा रेघ मारून दहाला पिशवी घेऊन निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मागच्या बाजूने वळून आमच्या समोरच्या इस्त्रीवाल्याकडे येऊन उभा राहिलो. त्याला म्हटलं, जरा वेळ बसतो. टांगलेल्या शर्टांच्या फटीतून आमचं आवार सगळं दिसतं.

दहा मिनिटं गेली. मग जिन्यातून आमची ही उतरली. बरोबर वरच्या मजल्यावरची नर्स, जिची रात्रपाळी असते. हिच्या हातात माझी किल्ली.

मला आधी वाटलं, ही चोराला किल्ली नेऊन देतेय. माणसाचं डोकं कुठे कुठे जातं बघा. समोर किल्ली घेतलेली बाई, समोर गाडी, आणि मी अजून तिसरा माणूस कुठून येतो ते शोधतोय.

ही गाडीभोवती फिरली. एक पूर्ण चक्कर. मग पदर सावरून खाली वाकली आणि फरशीवर ऑइल पडलंय का ते बघितलं. चारही टायरांवरून नजर फिरवली. आत बसली, सीट पुढे ओढली, तीन खाचा, आवाज मला इथपर्यंत आला. नर्स शेजारी बसली तशी हिने आरसे लावले, बेल्ट लावला, मागे वळून बघितलं, आणि गाडी आवाराबाहेर काढली. धक्का नाही, आवाज नाही. संथ पाण्यावर पान तरंगत जावं तशी गाडी गेली.

इस्त्रीवाला म्हणाला, काकू छान चालवतात हो आता. म्हणजे त्यालाही माहीत. सगळ्या गल्लीला माहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हा. मी शर्टांच्या मागे स्टुलावर बसून राहिलो. रागवावं की हसावं ते ठरेना. ही आणि गाडी हे दोन शब्द माझ्या डोक्यात एकत्र कधी आलेच नव्हते.

का आले नव्हते तेही सांगतो. तीस वर्षांपूर्वी मी हिला शिकवायला काढली होती, डेपोतल्या एका दोस्ताची गाडी मागून. दोन दिवस शिकवलं. शिकवलं कसलं, ओरडलो. क्लच, अगं क्लच, डोळे कुठेत, हात आहेत की काय आहे. दुसऱ्या दिवशी हिने भर रस्त्यात गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून माझ्या हातात ठेवली, आणि उतरून चालत घरी गेली. नंतर तो विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही, मला वाटलं जमलं नाही म्हणून सोडलं.

पाऊण तासाने गाडी परत आली. भिंतीलगतच्या त्या अरुंद जागेत हिने ती उलटी एका दमात लावली. मला हल्ली दोनदा पुढेमागे करावी लागते. मग सीट मागे, खाच मोजत. आरसे मागे. मग पर्समधून ओलं फडकं काढून चाकावरची निळी रेघ पुसली आणि निळ्या खडूने नवीन रेघ ओढली, चाकावरून फरशीवर, पट्टीने आखल्यासारखी. आयुष्यभर कापडावर रेघा मारलेली बाई ती. माझं अशक्य कोडं एका फडक्याने सुटलं होतं.

मी रस्ता ओलांडून समोर जाऊन उभा राहिलो. नर्स वर निघून गेली. ही खडू पर्समध्ये ठेवत म्हणाली, खडू डब्यात परत ठेवला नाहीत तेव्हाच मला कळलं. वर माझीच चूक.

मग मात्र मी बोललो. चोरून माझी गाडी, लायसन नाही, काही नाही. तिने पर्समधून लायसन काढून दाखवलं, साडेतीन महिन्यांपूर्वीचं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकली होती, शिलाईच्या पैशांतून. आमच्या गाडीवर हात बसवायला लागून दोन महिने झाले होते. म्हणजे शंभर किलोमीटर तिचे. अ‍ॅव्हरेज तिचं. ते तर मला फारच लागलं. मग माझ्या हाती एकच हुकमी पान उरलं होतं. मी म्हटलं, आणि माझ्या डाव्या रिमा खरवडून ठेवल्यास त्या? ब्रेक पॅड खाल्लेस ते? या अशा ड्रायव्हिंगवर मला फसवतेस?

ती म्हणाली, ते माझं नाही.

मी म्हटलं, तर कुणाचं, शेजाऱ्याचं? चल, बस. मला दाखव कशी चालवतेस. मी डावीकडे बसतो आणि तुझ्या चुका मोजतो.

बसलो. बोटांवर चुका मोजायची तयारी करूनच बसलो होतो. पण मोजायला काही मिळेना. गिअर वेळेवर. लांबून लाल दिवा दिसला की पाय उचलायची, गाडी आपोआप मंदावत जायची, ब्रेक नावापुरता. हे सगळं मीच ड्रायव्हर लोकांना ओरडून ओरडून सांगितलेलं. चांगलं चाललंय म्हणून माझा पारा आणखी चढत होता, ही गंमत बघा.

बेकरीच्या कोपऱ्यावर तिने गाडी एकदम हळू केली आणि थांबवली. समोर रस्ता मोकळा.

"मध्येच काय थांबतेस?" मी ओरडलो. तीस वर्षांपूर्वीचाच आवाज निघाला.

तिने पाय ब्रेकवरच ठेवला. तेवढ्यात बॉनेटच्या अगदी समोर एक सायकल आली. शाळेची मुलगी, नऊ-दहा वर्षांची, पाठीवर दप्तर, दांड्याला पाण्याची बाटली. इतक्या जवळून गेली की बाटलीवरचं चित्र दिसलं मला. उजवीकडे गेली आणि वळली. मी बघत राहिलो. आकाशातून पडली होती का ही पोर?

हिने हँडब्रेक ओढला. मग शांतपणे विचारलं, "तुम्हाला कधी दिसली?"

मी म्हटलं, आधीच. मग माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, आत्ता. बॉनेटसमोर आली तेव्हा.

"ती डावीकडच्या गल्लीतून येत होती," ती म्हणाली. "तुमच्या खिडकीतून. मला तिकडे बसून दिसली."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तिने गाडी बाजूला घेतली. मी हाताने डावा डोळा झाकला. रस्ता, बेकरी, खांब, सगळं जागच्या जागी. मग उजवा झाकला. बेकरी गेली. खांब गेला. समोर पाइपातून बघावं तसा एक गोल रस्ता उरला आणि बाकी सगळीकडे धूसर. मी हात काढला, पुन्हा झाकला. असं किती वेळा केलं माहीत नाही.

तिने सगळं सांगितलं, रडणं नाही, ओरडणं नाही. वर्षभर बघत होती. मी चहाचा कप डावीकडे ठेवायला जातो आणि तो टेबलाच्या बाहेर जातो. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो आणि मी सुताराला नावं ठेवतो. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी घरात सगळ्यांना ऐकवतो, स्वतःला सोडून. गाडीत ती माझ्या डावीकडे बसायची, फुटपाथ, सायकलवाले, उभ्या गाड्या तिच्या कोपरापर्यंत यायच्या आणि मी शेवटच्या क्षणी ब्रेक मारायचो. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तीनदा बोलले, तुम्ही म्हणालात बायकांना गाडीत भीतीच वाटते. आठवलं मला. म्हणालो होतो.

तरी मी सहज सोडणारा माणूस नव्हे. घरी आल्यावर म्हटलं, हे सायकलचं ठीक, पण ओरखडे तुझेच असतील. नवशिकी आहेस. ती म्हणाली, वही तुमची आहे, बघा. मी वही काढली. दर रविवारी जे जे दिसेल ते मी लिहितो. डावी पुढची रिम, लहान ओरखडा, ही नोंद माझ्या अक्षरात दहा महिन्यांपूर्वीची. ती गाडीला हात लावायला लागली दोन महिन्यांपूर्वी. अ‍ॅव्हरेज घसरायला लागलं तेही त्याच सुमारास, दहा महिन्यांपूर्वी. सगळं माझ्याच पेन्सिलीने लिहिलेलं होतं, चोराचं नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं.

"भिंगरीला कोण नेणार ते लेकीला तुम्ही सांगा," ही म्हणाली. "मी सांगणार नाही. तुम्ही नेतो म्हणालात तर तुमच्या शेजारी बसून येईन रोज."

हे फार वाईट होतं. ओरडली असती तर मी उलटा ओरडलो असतो आणि हट्टाने पोरीला नेलं असतं. आता सगळं माझ्यावरच टाकलं होतं.

चार दिवस मी घोळ घालत राहिलो. एकदा वाटायचं, मान जरा जास्त वळवली की झालं, डावीकडे आणखी एक आरसा लावू, हळू चालवू. पूर्वी रात्रंदिवस बसची टेस्ट घेतलीय मी. मग डोळे मिटले की ती सायकल यायची, आणि दर वेळी दप्तर घेतलेली पोर वळून बघायची तर ती आमची भिंगरी असायची. शनिवारी लेकीकडे जायचं होतं, मी पाय दुखतो सांगितलं आणि गेलो नाही. मला मनापासून रडू येत होतं. पोरीचं दप्तर उचलायचं सुख एका डोळ्यापायी जाणार होतं, आणि डोळा तर दिसायला अगदी चांगला होता.

रविवारी दुपारी चारला लेक आली, भिंगरीला आणि तिच्या गाडीत बसायच्या उंच खुर्चीला घेऊन. मी खुर्ची मागच्या सीटवर ठेवली, पट्टा घट्ट केला, दोनदा ओढून बघितला. हे मला डोळे मिटूनही येतं. भिंगरी लगेच वर चढून बसली. लेक म्हणाली, बाबा, मग गाडी सगळी तपासलीत ना, उद्या तयार आहे ना?

ही दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराच्या कडीकडे बघत होती.

"गाडी तयार आहे," मी म्हटलं. "ड्रायव्हर बदललाय."

लेकीला कळेना. एकदा माझ्याकडे बघे, एकदा आईकडे. मी खिशातून किल्ली काढली आणि हिच्या हातावर ठेवली. तीस वर्षांपूर्वी भर रस्त्यात तिने माझ्या हातात दिली होती, ती आज परत. ही किल्ली मुठीत धरत म्हणाली, ओरडायचं नाही. मी म्हटलं, नाही. लेक तिथेच पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा मला कळलं की गाडी तपासून घ्या असं ती म्हणाली होती तेव्हा तिला गाडीबद्दल बोलायचंच नव्हतं.

सोमवारी सकाळी मी सहालाच खाली उतरलो. हवा बघितली, पट्टी पुसून ऑइल बघितलं, काचा पुसल्या. मी पुढे बसायला लागलो तर ही म्हणाली, तुम्ही पुढे वाकता, डावा आरसा झाकला जातो, मागे बसा. गेलो मागे, रात्री आमच्याकडेच राहिलेल्या भिंगरीच्या शेजारी. भिंगरीने विचारलं, आजोबा, तुम्ही मोठे झालात तरी मागे का? मी म्हटलं, तुझं दप्तर धरायला. सात किलोमीटर ते दप्तर मी मांडीवर धरून बसलो. बेकरीच्या कोपऱ्यावर तोंडात आलेली हाक गिळली.

परत आल्यावर ही घाईने वर गेली, तिची गिऱ्हाइकं यायची होती. मी वहीत आकडा लिहायला ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट चौथ्या खाचेत होती. दोन महिने न चुकता मागे सरकवलेली सीट आज तिने सरकवली नव्हती. मी बाहेरच उभा राहून आकडा लिहिला, आणि सीट तशीच राहू दिली.